आवाज तिचा, माईकही तिच्या पसंतीचा

श्रावण लागला की गावोगावच्या महिला मंडळांची लगबग सुरू होते. मंगळागौर, मागोमाग गणपती, भोंडला, नवरात्र, कोजागिरी आणि मग संक्रांतीचं हळदीकुंकू. पूर्वी या कार्यक्रमांत घरातल्याच चारजणी गाणी म्हणायच्या. आता तालुक्याच्या गावांतही बायकांचे वाद्यवृंद उभे राहिले आहेत. ढोलकी बाईच वाजवते, हार्मोनियम बाईच वाजवते, कीबोर्डवर एखादी कॉलेजात जाणारी लेक असते. साड्या एकसारख्या, गजरे एकसारखे, दोन-दोन महिने तालमी. सगळं कसं नेटकं! आणि ऐन कार्यक्रमात गाणारीच्या हातात येतो तो मांडववाल्याच्या पेटीत तळाला उरलेला माईक. मग तो मध्येच खरखरतो, मध्येच शिट्टी मारतो, आणि कडवं संपता संपता चक्क गप्पच बसतो.

भाजी निवडून घेणाऱ्या, साडीचा पोत दोन बोटांनी ओळखणाऱ्या, तांदूळ जुना की नवा हे वासावरून सांगणाऱ्या आपण बायका. पण वायर आणि बटण दिसलं की म्हणतो, "ते बाई पुरुषांनी बघावं." मैत्रिणींनो, गाणाऱ्या बाईसाठी माईक निवडणं हे काही रॉकेट उडवणं नाही. कानाने पारखायची ती वस्तू आहे, आणि कान काय आपल्याला कमी तिखट असतात? शेजारच्या घरात कुकरची कितवी शिट्टी झाली ते आपल्याला बरोबर कळतं!

आमच्या मंडळाच्या वाद्यवृंदात आम्ही सातजणी. मुख्य गाणं एका वहिनींचं. आवाज गोड, पट्टी काळी चार, आणि गाताना एका जागी उभं राहणं त्यांना माहीत नाही. मंगळागौरीला त्या गात गात फेर धरतात, जोगवा म्हणताना बायकांमध्ये जाऊन परडी पुढे करतात. मागच्या नवरात्रात नऊ दिवसांत सहा कार्यक्रम झाले आणि सातव्या दिवशी वहिनींचा आवाजच बसला. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, "गाठी वगैरे नाहीत, नशीब समजा. पण तुम्ही गात नव्हता, ओरडत होता. असंच चाललं तर गाठी यायला वेळ लागणार नाही." पंधरा दिवस मौन सांगितलं. वहिनी शिकवण्या घेतात, त्यांचं घर त्या आवाजावर चालतं. तेव्हा मंडळाच्या बैठकीत ठरलं, की दिवाळीच्या फराळातून शिल्लक राहिलेल्या बावीस हजारांतून आपला स्वतःचा माईक घ्यायचा. चौकशीचं काम माझ्याकडे आलं. त्या दोन महिन्यांत जे कळलं, ते तुमच्याही मंडळाच्या उपयोगी पडावं म्हणून हा लेख.

घसा का बसतो?

माईक असूनही वहिनी ओरडत का होत्या? याचं उत्तर शंभराहून जास्त वर्षांपूर्वीच मिळालेलं आहे. एतिएन लोंबार नावाचे फ्रान्समधले कान-नाक-घशाचे डॉक्टर होते. भोवताली गोंगाट वाढला की माणूस नकळत आपला आवाज चढवतो, असं त्यांनी १९११ मध्ये दाखवून दिलं. गिरणी चालू असली की आपण गिरणीवाल्याशी मोठ्याने बोलतो ना, तेच. त्याला आजही लोंबार परिणाम म्हणतात. बाजूला ढोलकी, मागे झांज, कानाशी कीबोर्ड आणि स्वतःचा आवाज मात्र ऐकू येत नाही. अशा वेळी गाणारी बाई गळा ताणणारच. तिने ठरवलं तरी तिला ते थांबवता येत नाही.

म्हणजे माईक प्रेक्षकांना ऐकू जावं एवढ्यासाठीच नसतो. गाणारीला स्वतःचा आवाज परत ऐकू यायला हवा. त्यासाठी तिच्याकडे तोंड केलेला एक लहान स्पीकर पुढे ठेवतात, त्याला मॉनिटर म्हणतात. मोठमोठ्या कार्यक्रमांत तो हमखास असतो. आपल्याकडे मात्र "बायकांचाच तर कार्यक्रम आहे" म्हणून तो आणलाच जात नाही. माईक कितीही भारी घ्या, मॉनिटर नसेल तर घसा बसायचा तो बसतोच. म्हणून मांडववाल्याशी ठरवताना हे पहिलं वाक्य पाठ करून ठेवा: "दादा, गाणारीसमोर एक मॉनिटर लागेल."

वायरलेस हवाच का?

हा प्रश्न आधी स्वतःला विचारा. तुमची गायिका बैठकीत मांडी घालून भजन म्हणत असेल, तर तिला वायरलेसची गरज नाही. तेवढ्याच पैशांत वायरचा माईक कितीतरी चांगला मिळतो. त्याला सेल लागत नाहीत, त्याच्या लहरी कुणाशी भांडत नाहीत, आणि पडला-झडला तरी तो वर्षानुवर्षं चालतो. शुअर कंपनीचा 'एसएम ५८' हा वायरचा माईक १९६६ मध्ये बाजारात आला आणि जगभरचे गायक आजही तो वापरतात. यावरून काय ते समजा.

पण गाणारी फिरती असेल तर वायर पायात येते. नऊवारीत फुगडी घालताना वायर अडकली तर माणूस पडायचं. आमच्या वहिनींना प्रेक्षकांत जायचं असतं, म्हणून आम्हाला वायरलेस हवाच होता.

चालत-नाचत गाण्याची ही हौस आजची नाही. शुअर कंपनीने कलाकारांसाठी 'व्हॅगाबॉन्ड' नावाचा वायरलेस माईक १९५३ मध्येच काढला होता. जर्मनीत सेन्हायझर कंपनीने तिथल्या रेडिओ केंद्राच्या साथीने १९५७ मध्ये आपला वायरलेस माईक आणला. आणि १९७९ मध्ये इंग्लंडची गायिका केट बुश दौऱ्यावर निघाली, तेव्हा तिला गाता गाता दोन्ही हात मोकळे ठेवून नाचायचं होतं. हातात माईक धरून ते कसं जमणार? मग तिच्या ध्वनितंत्रज्ञाने कपड्यांच्या हँगरची तार वाकवून तिच्या डोक्यावर माईक बसवला. आज दूरदर्शन संचावर नाचत गाणाऱ्या मुलींच्या गालाशी जी बारीक दांडी दिसते, तिच्या मागे अशी एका बाईची गरज आहे. गरज बाईची असली की उपाय घरातल्या हँगरपाशीही सापडतो, नाही का?

खिशातलं रेडिओ केंद्र

वायरलेस माईक म्हणजे दोन वस्तू. हातातल्या दांड्यात माईक असतो आणि त्याच्या पोटात एक छोटं रेडिओ केंद्र असतं. ते आवाजाच्या लहरी हवेत सोडतं. दुसरी वस्तू म्हणजे रिसीव्हरची पेटी. ती त्या लहरी पकडते आणि वायरने मिक्सर किंवा ॲम्प्लिफायरला देते. म्हणून पारखायच्या गोष्टीही दोन: माईक म्हणून तो कसा आहे आणि रेडिओ म्हणून कसा आहे. दुकानदार बहुधा पहिलीच दाखवतो. आपली फजिती होते ती दुसरीमुळे.

एका लहरीवर एका वेळी एकच माईक बोलू शकतो, हा यातला मूळ नियम. गणपतीत शेजारच्या मांडवातली "लाल रंगाची दुचाकी बाजूला घ्यावी" ही सूचना आपल्या अथर्वशीर्षाच्या मध्ये ऐकू येते, ती यामुळेच. दोन्ही मांडवांत एकाच लहरीवर बसवलेले स्वस्तातले माईक असतात. म्हणून एकच लहर कायमची ठरलेला माईक घेऊ नका. रिसीव्हरवर चॅनल बदलायची सोय हवी. गावात आपल्या आधी कुणी तो चॅनल धरून बसलं असेल, तर आपल्याला दुसरीकडे सरकता आलं पाहिजे. दोन-तीन माईक एकत्र वापरणार असाल, तर कंपनीने पुस्तिकेत जे चॅनल एका गटात दिलेत, तेच लावा. मनाने कुठलेही लावले की एकमेकांत मिसळून शिट्ट्या मारतात.

पेटीवर 'व्हीएचएफ' लिहिलं असेल तर तो जुन्या पद्धतीचा, कमी लहरींचा माईक. 'यूएचएफ' असेल तर बरा. पण यूएचएफमध्येही एक मेख आहे. पेटीवर मेगाहर्ट्झचा आकडा असतो, तो चष्मा लावून वाचा. २०२२ मध्ये आपल्या देशात ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचा लिलाव झाला आणि तो मोबाइलच्या ५जी सेवेला गेला. साधारण ७०० ते ८०० च्या दरम्यान मोबाइलची ये-जा असते, त्यावर ९०० च्या आसपासही असते. तिथला माईक घरी छान वाजेल, पण तीनशे मोबाइल घेऊन बायका सभागृहात आल्या की रडायला लागेल. आम्ही ५०० ते ६०० च्या मधला मागितला.

अमेरिकेतून भाचा-पुतण्या माईक आणून देणार असेल, तरी हे विचारा. तिकडे ७०० च्या पट्ट्यातले माईक २०१० पासून बंद केले आणि ६०० च्या पट्ट्यातले बहुतेक २०२० पासून. तिथे अडगळीत पडलेला माईक 'जवळजवळ नवाच आहे मावशी' म्हणून आपल्याकडे यायला नको!

आता २.४ गिगाहर्ट्झवर चालणारे डिजिटल माईकही मिळतात. आवाज स्वच्छ असतो. पण वायफाय आणि ब्लूटूथ याच पट्ट्यात राहतात. लहान हॉल असेल आणि रिसीव्हर जवळ असेल तर ते चालतात. गर्दीचं मोठं सभागृह असेल तर जपून.

आणि ते रंगीत, मुलांच्या वाढदिवसाचे ब्लूटूथ माईक? आमच्यातल्या एकीच्या मुलाने मोबाइलवर दाखवलेच. "मावशी, दोन हजारात काम होतंय!" घरी गाणं म्हणायला खुशाल घ्या. पण माईकपासून मोठ्या स्पीकरपर्यंत आवाज ब्लूटूथने गेला, तर तो सेकंदाचा दहावा, कधी पाचवा हिस्सा उशिरा पोचतो. ऐकायला हे काहीच वाटत नाही. पण द्रुत लयीत तेवढ्या वेळात ढोलकीची अर्धी मात्रा निघून गेलेली असते. चांगल्या डिजिटल माईकला पाच मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. तेवढ्या वेळात आवाज हवेतून पावणेदोन मीटर जातो. म्हणजे ढोलकीवाली दोन पावलं लांब बसली, इतकाच फरक.

दोन कान असलेला रिसीव्हर

रिसीव्हरला दोन अँटेना आहेत का, हे बघा. ६०० मेगाहर्ट्झची लहर साधारण अर्ध्या मीटरची असते. सभागृहाच्या भिंती, पत्रे, लोखंडी खांब यांवर ती आपटून परत येते. थेट आलेली लहर आणि आपटून आलेली लहर काही ठिकाणी एकमेकींना खाऊन टाकतात. म्हणून एका जागी आवाज नीट येतो आणि गाणारी वीतभर सरकली की तुटतो. दोन अँटेनांपैकी एकीला ऐकू आलं नाही, तर दुसरीला येतं. याला 'डायव्हर्सिटी' म्हणतात. मात्र दोन माईकच्या स्वस्त जोडीतही दोन दांड्या दिसतात. त्या दर माईकला एक अशा असतात. म्हणून सरळ विचारा, "एका माईकला दोन्ही अँटेना चालतात का?"

पेटीवर शंभर मीटर रेंज लिहिलेली असते. मी दुकानदाराला म्हटलं, "दादा, शंभर मीटर कुठे?" तो हसला. म्हणाला, "ताई, मोकळ्या मैदानात." माणसाच्या अंगात पाणीच जास्त, आणि पाणी या लहरी पिऊन टाकतं. त्यामुळे भरलेल्या सभागृहात ती रेंज कितीतरी कमी होते. रिसीव्हर बायकांच्या डोक्यांपेक्षा उंच आणि गाणारीला दिसेल असा ठेवायचा. पडद्यामागे, लोखंडी कपाटावर किंवा ॲम्प्लिफायरच्या मागच्या खाचेत ठेवायचा नाही.

आता माईक म्हणून कसा?

दुकानात दोन शब्द कानावर पडतील, डायनॅमिक आणि कंडेन्सर. डायनॅमिकमध्ये पडद्याला तारेचं वेटोळं असतं आणि ते लोहचुंबकाजवळ हलतं. तो दणकट असतो, आणि लांबचे आवाज फार गोळा करत नाही. कंडेन्सर हळवा असतो. श्वासही टिपतो, बारकावे सुरेख येतात, पण शेजारची झांज आणि ढोलकीही उचलतो. शांत जागी एकटीच गाणारी असेल तर कंडेन्सरचा विचार करा. आपल्यासारखा दाटीवाटीचा वाद्यवृंद असेल तर डायनॅमिकच बरा.

दुसरी गोष्ट, माईकला 'तोंड' कुठे असतं. गाण्याचे बरेचसे माईक 'कार्डिऑइड' असतात. ते समोरचं नीट ऐकतात आणि पाठीमागचं जवळजवळ ऐकत नाहीत. म्हणून मॉनिटर माईकच्या बरोबर पाठीकडे, म्हणजे गाणारीच्या समोर ठेवायचा. 'सुपरकार्डिऑइड' जरा अरुंद ऐकतो. त्याला थेट पाठीमागचं थोडं ऐकू येतं, तेव्हा मॉनिटर समोर न ठेवता थोडा बाजूला तिरका ठेवायचा. एवढं एक सांभाळलं तरी निम्म्या शिट्ट्या बंद होतात. आणि मोठे स्पीकर गाणारीच्या पाठीमागे कधीच नकोत. ते तिच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून हवेत. माईकमधून स्पीकरात गेलेला आवाज पुन्हा माईकमध्ये शिरला की शिट्टी वाजते, बाकी त्यात काही गूढ नाही.

आवाजाची जात बघून माईक निवडा. बारीक, टोकदार आवाज असेल तर 'स' आणि 'श' चरचरणारा माईक नको. जाड, खर्जाकडचा आवाज असेल तर घुमणारा नको. हे पेटीवरच्या आकड्यांवरून कळत नाही. त्यासाठी गाणारीलाच दुकानात न्यावं लागतं. साडी ज्या बाईला नेसायची, तिच्याच अंगावर लावून बघतो की नाही?

हातात, पदराला की डोक्यावर?

हे प्रकरण खास आपलं आहे. हातातला माईक सगळ्यांत सोपा, सांभाळायलाही आणि आवाजालाही. हात अडकतो, एवढंच.

कॉलर माईक निवेदनाला ठीक. गाण्याला मात्र नको. तो तोंडापासून वीतभर लांब असतो, त्यामुळे साउंडवाल्याला आवाज वाढवावा लागतो आणि शिट्टी येते. शिवाय पदराला लावला की रेशमाची सळसळ, मंगळसूत्र आपटल्याची टकटक, सगळं सभागृहाला ऐकू जातं.

नाचत गाणाऱ्यांना डोक्यावरचा माईक उत्तम. पण त्याच्यासोबत एक डबी असते, ती कमरेला अडकवायची. ही डबी ज्याने बनवली, त्याच्या डोळ्यासमोर पॅन्ट आणि पट्टा होता. साडी नव्हती! निऱ्यांत खोचली तर निऱ्यांसकट खाली येते. आम्ही एका मैत्रिणीच्या मुलीसाठी मांजरपाटाची लहान पिशवी शिवून दिली, तिला नाडी लावली, आणि ती परकराच्या नाडीच्या वर कंबरेला मागे बांधली. वायर पोलक्याच्या आतून, पाठीवरून मानेपर्यंत. खोपा आणि गजरा आधी, माईक नंतर. उलट केलं तर गजरा माळताना दांडी वाकते. घामाने भिजू नये म्हणून डबी अंगाला थेट लागू द्यायची नाही.

दुकानात ऐकायचं काय?

आम्ही तिघी गेलो. वहिनी, ढोलकीवाली काकू आणि मी. तालुक्याला दुकान एकच, म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणीही गेलो. एका दुकानात तर "काय बायांनो, भिशीचे पैसे वाटतं?" असं स्वागत झालं. आम्ही चहाही न घेता बाहेर पडलो. पुढच्या दुकानातल्या माणसाने तीन माईक काढून दिले आणि म्हणाला, "हवं तितका वेळ गा." खरेदी कुठे केली असेल, ते तुम्ही ओळखलंच!

तिथे आम्ही जे करून बघितलं, ते असं. वहिनींनी एकच कडवं तिन्ही माईकांवर, सारख्याच अंतरावरून म्हटलं, आणि काकूंनी व मी पाठ फिरवून ऐकलं. माईक दिसला की किंमतही दिसते, आणि मग कान खोटं बोलतात. मग 'स, श, प, फ, भ' असलेले शब्द. 'प' आणि 'भ' ला वाऱ्याचा धबका बसतो का? मग तार सप्तकातला ताणलेला सूर. तिथे आवाज फाटतो का? मग मंद होत विरत जाणारा लांब 'आ'. स्वस्तातल्या माईकची परीक्षा इथेच होते. सूर विरता विरता मागून खरखर वर येते, किंवा शेवटचा धागा कचकन तुटतो. तीनांपैकी एक माईक तिथेच बाद झाला.

नंतर काकूंनी शेजारी ढोलकी वाजवली. वहिनींनी हातभर काचेच्या बांगड्या घालून माईक या हातातून त्या हातात घेतला. दांड्यातून खडखडाट येतो का, ते कळलं. आम्ही तिघींनी मोबाइल चालू करून रिसीव्हरजवळ धरले. वहिनी रिसीव्हरकडे पाठ करून दुकानाबाहेर रस्त्यापर्यंत गात गेल्या. रस्त्यावरचे लोक थांबून बघायला लागले, पण माईक एकदाही तुटला नाही. "आता कार्यक्रम इथेच करा," दुकानदार म्हणाला.

शेवटी प्रश्न विचारले. जाळी आणि सेलचं झाकण सुटं मिळतं का? दुरुस्ती कुठे होते? गावात नेऊन चालला नाही तर किती दिवसांत बदलून मिळेल? पक्की पावती देता का? वायरलेस यंत्राला केंद्राच्या दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची मान्यता लागते, ती आहे का? पक्क्या पावतीचं नाव काढल्यावर तोंड फिरवणारा दुकानदार उद्या दुरुस्तीलाही तोंड फिरवणार.

किमती म्हणाल तर दोन-तीन हजारांपासून चाळीस-पन्नास हजारांपर्यंत आणि त्याच्याही वर. आम्ही साडेचौदा हजारांचा घेतला. हातातला, डायनॅमिक, यूएचएफ, चॅनल बदलता येणारा, रिसीव्हरला धातूची पेटी आणि दोन अँटेना. एका माईकच्या पैशात दोन मिळत होते, ते नाकारले. दोन बरे घेण्यापेक्षा एक चांगला. उरलेल्या पैशांतून वायरचा एक साधा माईक आणि लांब वायर घेतली. वायरलेस कधीही दगा देऊ शकतो. तेव्हा वायरचा माईक स्टेजच्या कडेला जोडून तयार हवा.

घरी आणल्यावर

माईक धरायचा मध्ये. जाळीला मूठ मारून धरला की त्याची पाठ झाकली जाते आणि शिट्टी येते. अगदी खाली धरला, तर बहुतेक माईकांची अँटेना तिथेच असते, ती झाकली जाते आणि आवाज तुटतो. तोंडापासून दोन ते चार बोटं अंतर. जवळ आणला की खर्ज वाढतो, बारीक आवाज भरदार वाटतो. तार सुराला थोडा दूर न्यायचा. हे तालमीतच हाताला वळण लावावं लागतं. वहिनी महिनाभर लाटणं हातात धरून याचा सराव करत होत्या, आणि त्यांच्या सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, पोळ्या कधी?"

प्रत्येक कार्यक्रमाला नवे सेल, आणि तेही अल्कलाइन. साधे पेन्सिल सेल लवकर मान टाकतात. चार्जिंगचे सेल वापरले तर ते दीड नव्हे, सव्वा व्होल्टच्या आसपास असतात, म्हणून माईकवरचा मीटर आधीच कमी दाखवतो. घाबरू नका, पण किती तास चालतात ते तालमीत मोजून ठेवा. घरी आलं की सेल काढून ठेवायचे. आत राहून पाझरले की साडेचौदा हजार पाण्यात.

जाळीला लिपस्टिक, पावडर, तोंडातली वाफ लागते. ती फिरवून सुटी होते. सौम्य साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवायची आणि मगच लावायची. माईक ओल्या फडक्याने धुवायचा नाही. करोनानंतर तर एकीचा माईक दुसरीने तसाच तोंडाला लावू नये, हे सांगायला नको. जास्तीची एक जाळी ठेवली की काम भागतं.

आणि कार्यक्रमाच्या तासभर आधी जाऊन माईक लावून बघा. सुरुवात नेहमी मॉनिटरपासून करा. गाणारीने हळू, अगदी घरी अंगाई म्हणते तेवढ्या आवाजात गाऊन बघावं. तेवढ्यात तिला स्वतःचा सूर स्पष्ट ऐकू आला, तर तिचा घसा वाचला. नाही आला, तर आधी ढोलकी-कीबोर्डचा आवाज खाली, मग तिचा वर. "वाढवा, वाढवा" म्हणत सगळेच वाढवत गेलो, तर पुन्हा डॉक्टरकडेच जायचं.

यंदाच्या संक्रांतीपर्यंत वहिनींचे पाच कार्यक्रम झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या शिकवणीला त्या हजर होत्या. मंडळाच्या हिशेबाच्या वहीत माईकची नोंद 'सामान' म्हणून झाली आहे. मी त्यापुढे कंसात 'औषध' असं लिहून ठेवलंय. तुमच्याही गावात अशी एखादी वहिनी, ताई, काकू असेल, जी दरवर्षी घसा बसेपर्यंत गाते आणि वर "मला सवय आहे" म्हणते. पुढच्या श्रावणाला अजून अवकाश आहे. मंडळाची शिल्लक बघा, दोघी-तिघी मिळून दुकानात जा, आणि जाताना तिला बरोबर न्यायला विसरू नका.